हील-टो डाउनशिफ्ट: ब्रेकवरचा पाय न उचलता गिअर खाली कसा घ्यायचा

तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात आलात, क्लच सोडला आणि गाडीने झटका खाल्ला, शेजारी बसलेल्याची मान पुढे गेली. मॅन्युअल गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे अनुभवलेलं असतं. त्यावर बहुतेक जण क्लच हळूहळू सोडायला शिकतात. झटका जातो, पण तो क्लच प्लेटने गिळलेला असतो. हळू फिरणाऱ्या इंजिनाला खालच्या गिअरच्या वेगापर्यंत ओढून न्यायचं काम प्लेट घासून घासून करते. तेच काम क्लच सुटण्याआधी इंजिनाकडूनच करून घ्यायचं, तेही ब्रेकवरचा पाय न उचलता, ही हील-टोची कल्पना.

मी हे मामांकडून शिकले. त्यांची उमेदीची वर्षं सिंक्रोमेश (गिअरबॉक्समधले वेग आपोआप जुळवणारी यंत्रणा) नसलेल्या जुन्या ट्रकवर गेली. त्या गिअरबॉक्सला रेस जुळवून दिली नाही तर गिअर पडतच नसे, दातांचा खरखराट सगळ्यांना ऐकू येई. मला शिकवताना मामा शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसायचे. इंजिनाचा आवाज अगदी हवा तसा चढला म्हणून मी खूश व्हायचे आणि ते डोळे न उघडता म्हणायचे, "अगं, रेस छान दिलीस, पण ब्रेक हलला." आठवडेच्या आठवडे हे एकच वाक्य ऐकलं, तेव्हा कुठे त्याचा अर्थ डोक्यात शिरला. रेसचा आवाज येतो म्हणून शिकणाऱ्याचं सगळं लक्ष तिकडे जातं. कसोटी लागते ती ब्रेकवर. चवड्याखालचा दाब तसूभरही कमी-जास्त न होता त्याच पायाने रेस देता आली, तर बाकीचं सगळं सरावाने जमतं. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये ब्रेकला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

इंजिन आणि चाकांचा हिशोब

क्लचचं पेडल पूर्ण सोडलेलं असताना इंजिन आणि चाकं एकमेकांना बांधलेली असतात. गाडीचा वेग तोच ठेवून गिअर खाली घेतला की इंजिनाला जास्त फेरे मारावे लागतात. किती जास्त, ते दोन गिअरच्या रेशोवर ठरतं, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर जाणारा शाफ्ट एकदा फिरताना इंजिन किती फेरे मारतं यावर. एक उदाहरण घेऊ. तिसऱ्या गिअरचा रेशो 1.36 आणि दुसऱ्याचा 1.95 आहे. 1.95 भागिले 1.36 म्हणजे साधारण 1.43. तिसऱ्यात ताशी 60 किलोमीटर वेगाला काटा 3000 आरपीएमवर (मिनिटाला इंजिनाचे फेरे) असेल, तर त्याच वेगाला दुसऱ्यात तो 4300 च्या आसपास जाईल. ताशी 40 ला तिसऱ्यात 2000 असेल, तर दुसऱ्यात 2900 च्या जवळ.

तुमच्या गाडीचे रेशो पाठ असण्याची गरज नाही. मोकळ्या रस्त्यावर ताशी 40 चा वेग धरून दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये काटा कुठे राहतो ते शेजाऱ्याला वहीत लिहायला सांगा. वेग दीडपट झाला की आरपीएमही दीडपट होतात, त्यामुळे 60 चे आकडे घरी बसून काढता येतात. शिकताना ही वही माझ्या फार कामी आली. काटा कुठपर्यंत न्यायचा आहे हेच माहीत नसेल तर पाय अंदाजाने मारला जातो, आणि अंदाज बसायला खूप वेळ लागतो.

मग सिंक्रोमेश काय करतो? गिअरबॉक्समधले फिरते भाग तो एका वेगाला आणतो, म्हणून गिअर आवाज न करता पडतो. 1928 साली कॅडिलॅकने तो पहिल्यांदा मोटारीत आणला आणि सर्वसाधारण चालकाची रेस जुळवण्याच्या सक्तीतून सुटका झाली. पण सिंक्रोमेशचं काम क्लचच्या गिअरबॉक्सकडच्या बाजूपुरतं असतं. इंजिनाकडची बाजू त्याच्या हातात नाही. गिअर अलगद पडूनही क्लच सोडताना झटका बसतो, तो यामुळेच. हील-टोमध्ये आपण हीच उरलेली बाजू सांभाळतो.

हा झटका मानेला बसतो तसाच टायरलाही बसतो. जोरात ब्रेक लावलेला असताना गाडीचं वजन पुढच्या चाकांवर आलेलं असतं आणि मागची चाकं हलकी झालेली असतात. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत अशा क्षणी क्लच धाडकन सुटला तर इंजिनाची ओढ त्या हलक्या चाकांवर येते. ती क्षणभर अडखळतात आणि वळणाच्या तोंडाशी गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ शकतो. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढची चाकं पकड सोडतात आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाते. ओल्या रस्त्यावर यासाठी फार जोरही लागत नाही.

याची गरज कुठे असते

ब्रेक लावणं आणि गिअर खाली घेणं एकाच वेळी करावं लागतं, तिथे हील-टो उपयोगी पडतं. ट्रॅकवर वळणाआधी, रॅलीत, किंवा डोंगरउतारावर वेग कमी करता करताच पुढच्या वळणासाठी गाडी योग्य गिअरमध्ये हवी असते तेव्हा. शहरातल्या रोजच्या वाहतुकीत ते जमतही नाही आणि लागतही नाही. हलका ब्रेक लावला की ब्रेकचं पेडल वरच राहतं, ॲक्सिलरेटर त्याच्या बराच खाली असतो आणि तिथवर पाय पोहोचवताना घोटा अवघडतो. हे तंत्र दमदार ब्रेकिंगसाठी घडलेलं आहे. गर्दीत आधी ब्रेक लावून वेग कमी करायचा, मग पाय ॲक्सिलरेटरवर नेऊन साधी रेस जुळवत गिअर घ्यायचा. तेवढं पुरतं, आणि खाली पहिल्या पायरीत तेच येतं.

पुढे यंत्रांनी हे काम हातात घेतलं. 1989 मध्ये फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंगमागच्या, बोटांनी ओढायच्या पॅडलने बदलणारा गिअरबॉक्स आणला आणि तिथल्या चालकांच्या पायांचं हे काम हळूहळू संपलं. 2009 च्या निसान 370झेडमध्ये मॅन्युअल गिअरबॉक्स असूनही डाउनशिफ्टची रेस गाडी आपली आपण देऊ लागली. तुमच्या गाडीत अशी सोय असेल तर सरावाच्या वेळी ती बंद ठेवा. ती चालू असेल तर रेस तुम्ही जुळवली की गाडीने, हे कळणार नाही.

गाडी आणि बूट तपासून घ्या

स्टिअरिंग डावीकडे असो वा उजवीकडे, पेडलचा क्रम तोच: डावीकडे क्लच, मधे ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर. गाडीगणिक बदलतं ते ब्रेक आणि ॲक्सिलरेटरमधलं अंतर आणि त्यांची उंची. इंजिन चालू करून ब्रेक चांगला दाबा आणि वाकून बघा. दाबलेलं ब्रेकचं पेडल ॲक्सिलरेटरच्या पातळीला किंवा किंचित वर असेल तर काम सोपं. ते ॲक्सिलरेटरच्या खाली जात असेल तर ब्रेक लावताना नकळत रेसही दाबली जाईल. ब्रेक पेडल एरवीपेक्षा जास्त आत जात असेल किंवा स्पंजसारखं लागत असेल, तर ब्रेक ऑइल आणि लायनिंगचं काम आधी करून घ्या. तोवर सराव नको.

गाडीत इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल, म्हणजे ॲक्सिलरेटरचा इशारा इंजिनापर्यंत संगणकामार्फत जात असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. अशा काही गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबले गेले की संगणक रेस तोडतो. ही सुरक्षेची सोय आहे आणि ती काढण्याच्या फंदात पडू नये. काही गाड्यांत ती ठरावीक वेगानंतरच लागू होते, त्यामुळे उभ्या गाडीत रेस चढली म्हणून निश्चिंत होऊ नका. तिसऱ्या पायरीत चालत्या गाडीत याचा उलगडा होईल. तुमची गाडी रेस तोडत असेल तर तिच्यात हील-टो होणार नाही. पहिल्या पायरीतली साधी रेस जुळवणी मात्र नक्की होईल.

पायाखालची मॅट हलणारी असेल तर काढून ठेवा. चप्पल, सँडल, जाड तळव्याचे बूट काही चालणार नाही. तळवा पातळ हवा, कडेला बाहेर आलेला नको. मी सुरुवातीला धावण्याचे बूट घालत असे. त्यांच्या रुंद, मऊ तळव्यातून ब्रेकचा दाब नीट कळत नव्हता आणि बाहेरची कड दर दोन-तीन वेळेला ॲक्सिलरेटरच्या बाजूला अडकत होती. पातळ, सपाट तळव्याचे कापडी बूट घातले त्याच दिवशी फरक जाणवला. पाय सहज पोहोचावा म्हणून ॲक्सिलरेटरवर जोडपट्टी बसवायची असेल तर बोल्टने पक्की बसणारीच घ्या. चिकटवलेली किंवा चिमट्याने लावलेली पट्टी निसटून ब्रेकखाली गेली तर काय होईल ते सांगायला नको.

सीट रोजच्यापेक्षा थोडी पुढे घ्या. क्लच तळाला टेकल्यावरही डावा गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पट्टा अंगाला घट्ट बसू द्या. एरवी जोरात ब्रेक लावताना डावा पाय फूटरेस्टवर रोवून आपण शरीर मागे धरतो. हील-टोच्या वेळी मात्र तो पाय क्लचवर असतो. पट्टा सैल असेल तर शरीर पुढे सरकतं, त्याचा भार उजव्या पायावर येतो आणि ब्रेक तुमच्या मनाविरुद्ध जास्त दाबला जातो.

पहिली पायरी: ब्रेकशिवाय रेस जुळवणं

इथे हील-टोचा संबंध नाही. फक्त क्लच, गिअर आणि रेस. इंजिन पुरतं गरम होऊ द्या, थंड इंजिनाला वरच्या आरपीएमवर नेऊ नका. सपाट, मोकळ्या जागी तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 40 चा वेग धरा. क्लच दाबा, हात दुसऱ्या गिअरकडे नेता नेता ॲक्सिलरेटरला एक छोटा, झटपट टोला द्या, गिअर टाका, क्लच सोडा. याच टोल्याला चालक मंडळी ब्लिप म्हणतात.

वहीत 2900 लिहिलं असेल तर काटा तिथे किंवा त्याच्या शंभर-दोनशे वर असताना क्लच सुटायला हवा. रेस कमी पडली तर गाडी मागून कुणी धरल्यासारखी अडते. जास्त झाली तर किंचित पुढे ढकलली जाते. जास्त झालेली बरी, टायरला त्याचा त्रास कमी होतो. अगदी जुळली की काहीच होत नाही. गिअर बदलल्याचं फक्त आवाजावरून कळतं. ते "काहीच न होणं" एकदा अनुभवलं की कान आपोआप तोच आवाज शोधू लागतो, आणि काट्याकडे बघण्याची गरज संपते.

नवख्या माणसाकडून ब्लिप अनेकदा लवकर होतो. पाय रेस देऊन मोकळा होतो, हात अजून न्यूट्रलमध्ये रेंगाळत असतो आणि क्लच सुटेपर्यंत काटा पुन्हा खाली आलेला असतो. पेट्रोल इंजिनाचे फेरे फार पटकन पडतात. डिझेल इंजिन बहुधा सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं, तिथे टोला थोडा लांब द्यावा लागतो. लाल रेषाही (इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा) खालीच असते, बहुतेक डिझेल मोटारींत 5000 च्या आसपास किंवा त्याआधी. चौथ्यातून तिसऱ्यात येताना ब्लिप लहान पुरतो, तिसऱ्यातून दुसऱ्यात मोठा लागतो. दोन्ही वेगवेगळे घोटून घ्या. पहिला गिअर या सगळ्यातून वगळा. दुसऱ्यातून पहिल्यात येतानाची उडी फार मोठी असते आणि तिथे हील-टोने मिळवण्यासारखं काही नसतं.

ही पायरी रोजच्या गाडी चालवण्यातही करता येते, म्हणून तिला भरपूर दिवस द्या. हात आणि डावा पाय विचाराशिवाय चालू लागले की मगच पुढे.

दुसरी पायरी: उभ्या गाडीत पायाची जागा

इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. उजव्या पायाचा चवडा ब्रेकच्या उजव्या अर्ध्या भागावर ठेवा, अंगठ्यामागचा मांसल भाग पेडलवर पूर्ण टेकलेला असू द्या. आता चवडा तिथेच ठेवून घोटा उजवीकडे कलंडवा. पायाची करंगळीकडची कड ॲक्सिलरेटरला लागली पाहिजे. दोन पेडल जवळ असलेल्या गाड्यांत हे असंच होतं, टाचेचा फारसा संबंध येत नाही. नाव हील-टो असलं तरी आज बहुतेक जण पायाच्या कडेनेच रेस देतात.

पेडल लांब असतील, किंवा ॲक्सिलरेटर जमिनीला बिजागरीने जोडलेला असेल, तर खरी टाच वापरावी लागते. चवडा ब्रेकवर तिरका, बोटं थोडी डावीकडे, आणि टाच उजवीकडे फिरवून ॲक्सिलरेटरच्या खालच्या भागावर. यात गुडघा आत झुकतो आणि स्टिअरिंगच्या खांबाला लागू शकतो. कुठली पद्धत हे तुमच्या पायाच्या मापावर आणि गाडीच्या पेडलवर ठरू द्या. दुसऱ्याचं बघून ठरवू नका.

बंद इंजिनावर ब्रेक दोन-तीनदा दाबला की ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं. त्यामुळे पायाची जागा समजली की इंजिन चालू करा, उघड्या जागेत, बंद गॅरेजमध्ये कधीच नाही. आता ब्रेकवर मध्यम दाब धरा आणि तो धरून छोटे ब्लिप द्या. काटा 800 वरून 2000 ला जाऊन परत यायला हवा. दर ब्लिपला चवड्याखाली काय होतं तिकडे लक्ष द्या. पेडल आत जात असेल तर तुम्ही घोट्याऐवजी अख्खा पाय ढकलत आहात. पेडल वर येत असेल तर कलंडताना चवडा उचलला जातोय. डावा हात उजव्या मांडीवर ठेवून बघा. मांडी घट्ट आणि स्थिर असली पाहिजे, हालचाल घोट्यापाशीच राहिली पाहिजे. ही खूण मला फार उशिरा सापडली आणि तिच्याने एका बसणीत जे सुधारलं ते त्याआधी कशानेच सुधारलं नव्हतं.

दहा मिनिटं पुरे. घोट्याचे हे स्नायू एरवी असे वापरले जात नाहीत, ते थकले की चुकीची सवय बसते.

तिसरी पायरी: चालत्या गाडीत ब्रेक आणि ब्लिप, गिअर नाही

मामांनी मला सगळ्यात जास्त इथेच थांबवून ठेवलं आणि मीही तुम्हाला तेच सांगेन. इथून पुढचा सराव सार्वजनिक रस्त्यावर करायचा नाही. परवानगी घेतलेलं मोकळं आवार, धावपट्टीसारखी लांब जागा किंवा ट्रॅकवरचा सरावाचा दिवस पाहा. मागे-पुढे गाडी नको, माणूस नको, जनावर नको. शेजारी कुणीतरी असावं.

ताशी 50 चा वेग धरा, तिसरा गिअर. ब्रेक दाबा, नेहमी सिग्नलला थांबताना दाबता त्यापेक्षा स्पष्टपणे जास्त, पण एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) चालू होईल इतका नाही. दाब स्थिर झाला की क्लच दाबा आणि दाबलेलाच ठेवा. आता त्याच दाबात एक ब्लिप, थोड्या वेळाने दुसरा. गाडी थांबेपर्यंत गिअरला हात लावू नका. क्लच दाबलेला असल्याने रेस चाकांपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे ब्लिप चुकला तरी गाडीला झटका बसायचं कारणच नाही. तरीही झटका बसला, तर तो शंभर टक्के ब्रेकमधून आला.

शेजाऱ्याला डोळे मिटायला सांगायचं ते इथे. डोळे मिटलेल्या माणसाला मानेवरचा फरक लगेच कळतो. मान आणखी पुढे गेली तर ब्रेक वाढला, मागे आली तर सुटला. त्याने फक्त "वाढला" किंवा "सुटला" एवढंच म्हणायचं. शेजारी कुणी बसणारं नसेल तर अर्धी भरलेली पारदर्शक बाटली कप होल्डरमध्ये ठेवा आणि फोनने तिचं चित्रण करा. ब्रेक स्थिर असेल तर पाण्याची तिरपी रेषा ब्लिपच्या वेळी हलत नाही. ब्रेक हलला की पाणी हिंदकळतं. गाडी चालवताना बाटलीकडे बघायचं नाही, नंतर उभं राहून बघायचं. पायांकडेही बघायचं नाही. ताशी 60 ला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते आणि खाली टाकलेली एक नजर सहज तेवढा वेळ खाते.

ब्लिप दिल्यावर इंजिन काहीच प्रतिसाद देत नसेल तर वर सांगितलेली रेस तोडण्याची सोय तुमच्या गाडीत आहे. इथेच थांबा.

ब्रेक सुटण्याची चूक वाढण्याच्या चुकीपेक्षा वाईट. वळण समोर आहे, गाडी जितकी मंदावायला हवी तितकी मंदावत नाही, आणि लक्ष ब्लिपमध्ये असल्याने ते उशिरा कळतं. म्हणून मनात क्रम पक्का करून ठेवा: गोंधळ झाला की रेस विसरायची, गिअर विसरायचा, क्लच दाबून फक्त ब्रेक लावायचा. हा सुटकेचा मार्गही सराव म्हणून मुद्दाम चार-पाच वेळा करून घ्या. सलग दहा वेळा शेजारी काही बोलला नाही, की चौथी पायरी.

चौथी पायरी: सगळं एकत्र

सरळ रेषेतच, वळण नको. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 60. ब्रेक दाबा, चवडा उजव्या अर्ध्यावर आला आहे ना हे पायानेच चाचपून घ्या. घाई इथेच होते. लगेच क्लच दाबू नका. वेग आधी उतरू द्या. ताशी 40 च्या आसपास, तिसऱ्या गिअरमध्येच काटा 2000 ला आला की क्लच दाबा. हात तिसऱ्यातून न्यूट्रलमध्ये येतो, तिथून दुसऱ्याकडे जातो, आणि नेमका न्यूट्रल ओलांडताना घोटा कलंडतो. काटा 2900 कडे झेपावतो, गिअर पडतो, क्लच एका दमात पण सोडून दिल्यासारखा नाही, असा वर येतो. ब्रेक अजूनही तितकाच दाबलेला आहे.

60 वर असताना दुसऱ्यासाठी 4300 लागले असते, 40 वर 2900 पुरतात. एवढं थांबल्याने ब्लिप लहान झाला, इंजिनाचा ताण कमी झाला आणि चूक झाली तरी ती छोटी राहिली. गिअर उशिरा घ्या. वेग कमी करणं हे ब्रेकचं काम आहे, इंजिनाकडून ते जबरदस्तीने करून घ्यायचं नाही.

सुरुवातीला क्लच सुटताना बारीक झटका बसेल. त्याची दोन कारणं असू शकतात आणि ती वेगवेगळी ओळखावी लागतात. आवाज पुरेसा चढलाच नसेल तर ब्लिप लहान आहे. आवाज चढून पुन्हा उतरला आणि मग झटका बसला तर ब्लिप बरोबर होता, क्लच उशिरा सुटला. दुसऱ्या प्रकारात लोक आणखी मोठी रेस देऊ लागतात, मग ब्रेक हलतो आणि तिसऱ्या पायरीवर कमावलेलं सगळं जातं. तसं झालं तर परत तिसऱ्या पायरीवर जा. मी तीनदा गेले.

सरळ रेषेत बसलं की वळण आणा. ब्रेक, ब्लिप, गिअर, क्लच हे सगळं स्टिअरिंग वळण्याआधी संपलेलं हवं. स्टिअरिंग वळू लागलं की ब्रेक हळूहळू सोडत जायचा. क्लच वळणात सुटत असेल तर तुम्ही सुरुवात उशिरा केली, पुढच्या वेळी ब्रेकिंगची खूण चार पावलं अलीकडे घ्या.

इंजिन फोडणारी चूक

वेग जास्त असताना चुकून फार खालचा गिअर पडला, म्हणजे पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसऱ्यात, तर क्लच सुटताच चाकं इंजिनाला लाल रेषेच्या कितीतरी पलीकडे फिरवतात. इंजिनाला लाल रेषेपलीकडे जाऊ न देणारा रेव्ह लिमिटर इथे काही करू शकत नाही. तो इंधन तोडतो, पण इंजिनाला फिरवणारी ताकद चाकांकडून येत असते. व्हॉल्व्ह वाकतात, पिस्टनला आपटतात, कधी सगळं इंजिनच जातं. वरच्या उदाहरणातल्या गाडीची लाल रेषा 6500 धरली तर दुसऱ्या गिअरची कमाल मर्यादा ताशी 90 च्या आसपास येते. तिथपर्यंतही जायचं नाही, शिकताना 60 च्या वर दुसरा नको. वहीत प्रत्येक गिअरपुढे ही मर्यादा लिहा. आणि गिअरचा दांडा मुठीत आवळू नका. तळवा उघडा ठेवून हलक्या हाताने ढकला, न्यूट्रलमध्ये दांडा स्प्रिंगने आपोआप मधल्या रांगेत येतो, त्याला येऊ द्या. आवळलेली मूठ त्याला चुकीच्या रांगेत खेचते.

दोनदा क्लच

मामांच्या ट्रकची पद्धत याला जोडता येते. क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये, क्लच सोडायचा, मग ब्लिप, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर, पुन्हा क्लच सोडायचा. न्यूट्रलमध्ये क्लच सुटलेला असताना रेस दिली की गिअरबॉक्सचा आतला शाफ्टही वेगाने फिरतो, सिंक्रोमेशला काही करावं लागत नाही. आजच्या धडधाकट गिअरबॉक्सला याची गरज नाही. गाडी जुनी असेल, दुसरा गिअर घेताना खरखर येत असेल, तर मात्र फरक जाणवतो. साधा हील-टो डोळे मिटलेल्या शेजाऱ्याला कळेनासा झाला की मगच याला हात घाला.

सराव संपला की गाडी लगेच उभी करू नका. चार-पाच मिनिटं ब्रेक न वापरता सावकाश फिरवा, डिस्कला वारा लागू द्या. उभी केल्यावर सपाट जागी हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा, कारण तापलेल्या डिस्कवर लायनिंग दाबून ठेवलं तर तिथे डाग पडतो आणि पुढच्या वेळी ब्रेक लावताना पेडल थरथरतं.